नाडीखालची जखम

अंबाडी नाक्यावर भिवंडी-वाडा रस्त्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता येऊन मिळतो. भिवंडीच्या बाजूने गोदामं वाढत आली, तरी नाक्यापासून आत वळलं की अजून भातखाचरं लागतात, वीटभट्ट्या लागतात आणि साठी ओलांडलेल्या कितीतरी बायकांच्या अंगावर लुगडं दिसतं. कातडीच्या कॅन्सरची तपासणी घरोघर व्हावी का, हा प्रश्न मला मुंबईत बसून नाही, इथल्या माणसांच्या संदर्भात विचारायचा आहे. मुंबईत बसून विचारला की बोलणं सनस्क्रीन आणि तीळ यांच्यावरच संपतं.

म्हणून दोन मतं समोरासमोर बसवली आहेत. मावशी या भागात आशा स्वयंसेविकांची गटप्रवर्तक आहे, वीसेक आशांचं काम तिच्या नजरेखालून जातं. भाची मुंबईत शिकून त्वचारोगतज्ज्ञ झालेली. दोघी माझ्या कल्पनेतल्या आहेत. त्या ज्या आजाराबद्दल, ज्या संशोधनाबद्दल बोलतात ते खरं आहे. माझा कल कुणाकडे आहे तेही मी लपवणार नाही.

मावशी : तुम्ही म्हणता तोंड बघा, आम्ही बघतो. छातीतल्या गाठीचं विचारा म्हणता, विचारतो. गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीला बायकांना समजावून-समजावून नेतो. मग कातडीचंच का राहिलं? कातडी तर वरच असते. सुई नको, मशीन नको, नुसतं बघायचं.

भाची : वर असते म्हणून सोपं वाटतं, मावशी. पण सरसकट तपासणी सुरू करायची तर आधी दोन गोष्टी बघाव्या लागतात. आजार किती आहे, आणि शोधल्याने मरणं कमी होतात का. आपल्या देशात सगळ्या कॅन्सरमध्ये कातडीच्या कॅन्सरचा वाटा एक टक्का किंवा त्याहूनही कमी धरतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख, हे तीन कॅन्सर सरकारने तपासणीसाठी निवडले ते उगाच नाही. आणि ते तरी कुठे पुरे झालेत? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या बायकांना विचारलं, तुमचं तोंड कॅन्सरसाठी कधी तपासलंय का. शंभरात एकसुद्धा पूर्ण भरली नाही. गर्भाशयमुखाच्या तपासणीत शंभरात जेमतेम दोन. त्या कामातला वेळ काढून कातडीला द्यायचा, तर गमावणार किती आणि मिळवणार किती?

मावशी : एक टक्का म्हणजे कुणीच नाही असं नव्हे. आणि मोजले कुणी? जे मोठ्या दवाखान्यापर्यंत पोचले तेच मोजले गेले ना?

भाचीकडे याचं पुरेसं उत्तर नाही, हे मला इथेच नोंदवायला हवं. कॅन्सरची नोंदवही रुग्णालयात आणि प्रयोगशाळेत भरते. तुकडा तपासला गेला नाही तर ती जखम शेवटपर्यंत नुसती जखमच राहते. पण तिचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे.

भाची : बरं, मोजणी बाजूला ठेव. परदेशात, जिथे हा कॅन्सर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथे काय झालं ते ऐक. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यात 2003-04 मध्ये वर्षभर मोहीम झाली. साडेतीन लाखांवर माणसांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत तपासली. पुढच्या चार-पाच वर्षांत मेलॅनोमाने, म्हणजे काळ्या डागाच्या वाईट कॅन्सरने होणारी मरणं तिथे जवळपास निम्म्यावर आली. ते बघून 2008 पासून सगळ्या जर्मनीत पस्तिशीपुढच्या विमाधारकांना दर दोन वर्षांनी तपासणी लागू झाली. पण मग श्लेस्विग-होल्स्टाइनमधली मरणं परत वाढून पूर्वीच्याच आकड्याला गेली आणि देशभरही तसा फरक दिसला नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने 2023 मध्ये सगळा पुरावा पुन्हा चाळला आणि सांगितलं, त्रास नसलेल्या माणसाची सरसकट कातडी बघण्याने फायदा होतो की नाही हे ठरवण्याइतका पुरावा नाही. गोऱ्या कातडीच्या देशांत ही गत, तर अंबाडीत मी कुठल्या तोंडाने म्हणू की घरोघर जाऊन तीळ बघा?

मावशी : तीळ बघा असं मी म्हटलंच नाही. माझ्या बायांना तीळ होऊन कॅन्सर होतो असं मी ऐकलेलं नाही. मी कंबरेबद्दल बोलतेय.

भाची : कंबर?

मावशी : लुगडं कसं नेसतात बघितलंयस ना? गुडघ्याच्या वर, ओचा खोचून, कंबरेला आवळून. लावणीला दिवसभर वाकायचं, डोक्यावर मूठ घ्यायची, सुटून चालत नाही. पैसे कनवटीला, तंबाखूची चंची कनवटीला. चाळीस-पन्नास वर्षं एकाच जागी तोच काच. म्हाताऱ्या बायकांच्या कंबरेला एक पट्टा असतो, आधी काळपट, खरखरीत, मग मध्येच पांढरा पडलेला. पाचवारी नेसणाऱ्यांना परकराच्या नाडीचा, दोरीएवढा बारीक. खाज सुटते, खाजवतात, चीर पडते, भरते, परत चीर पडते. हळद लावतात, खोबरेल लावतात. दुकानातून नायट्याचं मलम आणतात.

भाची : त्या मलमांत बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं. खाज लगेच थांबते म्हणून बाई खूश. पण कातडी पातळ होत जाते आणि खाली काय चाललंय ते झाकलं जातं.

मावशी : आणि बाई कंबर दाखवत नाही. डॉक्टर पुरुष असेल तर नाहीच. मुलाला सांगत नाही, सुनेला सांगायची लाज. आम्ही विचारलं तर म्हणते, नाडीचं आहे गं, आमच्या सगळ्यांना असतंच.

नेमक्या या ठिकाणी भाचीची विद्या मावशीच्या अनुभवाला येऊन मिळते. जे मावशी बघते आहे त्याचा वैद्यकातला इतिहास महाराष्ट्रातच घडला. 1945 साली परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयातल्या डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी आपल्याकडच्या सवयींशी जोडलेल्या कॅन्सरवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात धोतराच्या काचाने कंबरेवर होणाऱ्या कॅन्सरचं वर्णन होतं. टाटा रुग्णालय तेव्हा जेमतेम चार वर्षांचं होतं. पुढे साडीमुळे होणाऱ्या याच आजाराची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी केली. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी धरायच्या कांगडीच्या धगीने पोटा-मांड्यांवर होणारा कॅन्सर त्याच जातीचा. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी मिळून दोन बायकांची हकिगत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापली.

भाची : हो, ती मी वाचली आहे. एकीचं वय सत्तर. कंबरेच्या उजव्या बाजूला जखम, अठरा महिने भरत नव्हती, आजूबाजूच्या कातडीचा रंग गेलेला. परकराची नाडी घट्ट बांधायची सवय. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. चाळीस वर्षं रोज लुगडं, आत परकर नाही, गाठ सरळ अंगावर. तिची जखम दोन वर्षांची. दोघींचा तुकडा तपासला, दोघींना कॅन्सर. दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला.

मावशी : अठरा महिने आणि दोन वर्षं. म्हणजे तेवढ्या काळात त्यांच्या घरी आशा किती वेळा जाऊन आली असेल? आणि तू म्हणतेस पुरावा नाही.

भाची : मावशी, दोन बायकांची हकिगत हा तपासणीचा पुरावा होत नाही. पुरावा कशाला म्हणतात ते टाटाच्याच कामात बघ. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून दीड लाख बायकांवर अभ्यास चालला. अर्ध्यांना गर्भाशयमुखाची साधी तपासणी, व्हिनेगारसारखं पातळ आम्ल लावून डोळ्याने बघायची. अर्ध्यांना फक्त माहिती. बारा वर्षांनी, तपासलेल्या बायकांत त्या कॅन्सरची मरणं 31 टक्क्यांनी कमी निघाली. याला म्हणतात पुरावा.

मावशी : आणि ती तपासणी कुणी केली?

भाची : दहावी शिकलेल्या बायकांनी. चार आठवड्यांचं प्रशिक्षण देऊन.

मावशी : म्हणजे आमच्यासारख्यांनी.

भाचीने स्वतःच्या बाजूने दिलेला दाखला मावशीच्या कामी आला. तरी भाचीचं म्हणणं खोटं ठरत नाही. दुर्मीळ आजाराची सरसकट तपासणी केली की ज्यांना काहीच नाही अशा शेकडो माणसांच्या मनात भीती घातली जाते, त्यांच्या अंगाला विनाकारण ब्लेड लागतं, आणि भिवंडीच्या किंवा ठाण्याच्या दवाखान्यातली रांग लांबते. त्या रांगेत जिची जखम खरंच वाईट आहे तीही मागे ढकलली जाते. फ्लेक्स लावून, मंडप घालून होणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत असंच आहे. शिबिरात तरुण माणसं चेहऱ्यावरचे वांग आणि डाग दाखवायला येतात. सत्तर वर्षांची बाई मंडपात लुगडं सैल करणार नाही.

भाची : मी नको म्हणते ते सरसकटला. जोखीम असलेल्यांना शोधायला माझी ना नाही. आपल्याकडे कातडीचा कॅन्सर कुठे होतो ते नीट धर. एक तर जुन्या जखमेत आणि जुन्या व्रणात. लहानपणी चुलीत पडून भाजलेला हात, राब भाजताना पोळलेला पाय, भट्टीवरचा चटका. कातडी आखडून गुळगुळीत झालेली असते. वीस-तीस वर्षं काही होत नाही आणि मग त्याच जागेत फोड येतो, फुटतो, भरत नाही. फ्रान्सच्या मार्जोलाँ नावाच्या शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकात अशा व्रणातल्या जखमांचं वर्णन केलं, म्हणून त्याच्या नावाने ती ओळखली जाते. उन्हाने होणाऱ्या कातडीच्या कॅन्सरपेक्षा हा जास्त आडदांड, गाठींपर्यंत लवकर जातो. कुष्ठरोग बरा झाला पण तळपाय बधिर राहिला, तिथली वर्षानुवर्षांची जखम, तीही यातच.

मावशी : आणि काळा डाग?

भाची : तो आपल्यात कमी. पण होतो तेव्हा तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली. उन्हाचा संबंध नाही. बॉब मार्ले नावाचा जमैकाचा मोठा गायक होता, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला. आधी वाटलं फुटबॉल खेळताना लागलंय. 1977 मध्ये निदान झालं, 1981 मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला. आपल्याकडे शेतात काम करणाऱ्याच्या नखाखाली काळं दिसलं तर कोण लक्ष देणार? दगड लागला असेल, म्हणतील. दगड लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकत जातं. कॅन्सरचा काळा पट्टा जागा सोडत नाही, रुंद होतो, कधी नखाच्या मुळाशी कातडीत उतरतो. आणि ज्यांची कातडी जन्मतःच पांढरी असते, केस पांढरे, उजेडात डोळे मिटतात, त्यांना मात्र उन्हाचा धोका खराखुरा आहे. त्यांना टोपी, पूर्ण बाह्या आणि वर्षातून एकदा तपासणी हवीच.

मावशी : मग अशांची यादी मी करून देते. गावात कोण भाजलेलं आहे, कुणाचा पाय बधिर आहे, हे माझ्या आशांना तोंडपाठ आहे. पण कंबरेचं यादीत कसं बसवणार? साठीपुढची प्रत्येक लुगडेवाली यादीत येईल.

भाची : येऊ दे. पट्टा सगळ्यांना असणार. मला पट्टा नको, जखम हवी. महिना-दीड महिन्यात न भरलेली. किंवा भरून त्याच जागी परत-परत फुटणारी. कडा जाड, उचललेल्या. हात लागला की रक्त येणारी. घाण वास येणारी. यातलं एक असलं तरी पुरे.

मावशी : हे झालं तुझं बोलणं. आता माझा कागद बघ.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मावशीचा कागद हाच या सगळ्या वादातला सर्वांत उपयोगी मुद्दा आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकासाठी आशा जो सी-बॅक फॉर्म भरते, त्यात कातडीबद्दलचे प्रश्न आधीपासूनच आहेत. अंगावर फिकट चट्टा आहे का, त्याला संवेदना आहे का, कातडी जाड झाली आहे का, गाठी आहेत का, तळहाताला-तळपायाला पुन्हा पुन्हा जखम होते का. हे सगळे प्रश्न कुष्ठरोगासाठी. कुष्ठरुग्ण शोधमोहिमेत तर आशा आणि एक पुरुष स्वयंसेवक मिळून घरोघर जातात, बायकांचं अंग बाईने बघायचं आणि पुरुषांचं पुरुषाने. दार लावून, आतल्या खोलीत, पाठ, कंबर, मांड्या, तळपाय. जी कंबर डॉक्टरला दिसत नाही ती या मोहिमेत आशेला दिसते.

आणि तिथे नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. आशा बाईला डोळे मिटायला सांगते. कंबरेवरच्या पांढऱ्या पट्ट्याला पेनाचं टोक हलकेच लावते. बाई बोटाने बरोबर ती जागा दाखवते. संवेदना आहे, म्हणून कुष्ठरोगाचा संशय नाही. फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं जातं, बाई पदर सावरते, आशा पुढच्या घरी जाते. त्या पट्ट्याच्या मधोमध चीर असली, तिच्यावर पिवळी खपली असली, तरी ती लिहायला फॉर्मवर जागा नाही.

खानोलकरांनी कर्करोगावर काम केलं तसं कुष्ठरोगावरही केलं होतं. एकच माणूस दोन्ही आजारांकडे बघत होता. आपल्या फॉर्ममध्ये मात्र दोन आजारांची खाती वेगळी झाली, आणि बघून झालेली कातडी न बघितल्यासारखी राहिली.

मावशी : मला नवा फॉर्म नको. नवं शिबिर नको. 2024 च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा आझाद मैदानात बसल्या होत्या, त्या अशाच वाढत्या कामाला आणि न वाढणाऱ्या पैशाला कंटाळून. मला एक ओळ हवी. संवेदना आहे, पण जखम महिनाभर भरली नाही, तर डॉक्टरकडे पाठवा. एवढी.

भाची : एका ओळीवर माझी सही. पण त्यापुढचं ऐक. पाठवायचं कुठे? प्राथमिक आरोग्य केंद्रात मलमपट्टी होईल आणि बाई घरी येईल. पुन्हा सहा महिने जातील. जखम बघून कॅन्सर आहे की नाही हे मीसुद्धा ठामपणे सांगू शकत नाही. कडेचा तुकडा काढून तपासायलाच लागतो. तुकडा काढायची सोय नसेल तर ओळ लिहून काय फायदा? नुसती धास्ती.

मावशी : आणि तुकडा काढायचा म्हटलं की आमच्या बायका उठून येतात. हत्यार लागलं की पसरतं, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय.

भाची : तुकडा काढल्याने पसरत नाही. उशिरा आलेल्यांचा आधीच पसरलेला असतो. तुकडा काढतात आणि मग कळतं, म्हणून लोकांना वाटतं तुकड्याने झालं. हे तू सांग, माझ्यापेक्षा तुझं ऐकतील. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. कॅन्सर लहान असताना सापडला तर आजूबाजूच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढला की बहुतेकींचं काम तिथेच संपतं. गाठीपर्यंत गेला की मोठं ऑपरेशन, कधी किरणोपचार, आणि तरी खात्री कमी.

मावशी : खर्च?

भाची : कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. रेशनकार्ड, आधारकार्ड बरोबर ठेवायला सांग.

मावशी : उपचार बसतात गं. पण इथून भिवंडी, तिथून ठाणे, तिथून परळ, एसटीचं आणि लोकलचं भाडं कशात बसतं? बरोबर येणाऱ्या मुलाची बुडालेली रोजी कशात बसते? रस्ता तू बघितलास आत्ताच.

या प्रश्नावर भाची गप्प बसली असं मी लिहिणार नाही, कारण उत्तर आहे आणि ते फार अवघड नाही. तुकडा काढणं हे सुपरस्पेशालिटीचं काम नव्हे. ज्याला गळू कापता येतं, टाका घालता येतो, त्या डॉक्टरला ते येतं. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी ते व्हायला हवं, आणि फॉर्मॅलिनची बाटली तेवढी पुढे प्रयोगशाळेत जायला हवी. प्रवास बाटलीने करावा. बाईने एकदाच जावं, तेही अहवालात काही निघालं तर.

भाची : आणि नाडीचं काय? जखम व्हायच्या आधीचं? त्या वर्ध्याच्या डॉक्टरांचाही सल्ला हाच, काच सैल करा.

मावशी : सैल नेसा म्हणून सांगितलं तर हसतील. खाचरात चिखलात उभं राहून सैल लुगडं कोण सांभाळणार? त्यापेक्षा नाडीच्या जागी चार बोटं रुंद सुती पट्टी लावा म्हण. गाठ रोज एकाच बाजूला नको, आज डावीकडे, उद्या उजवीकडे. रात्री झोपताना सैल करा. आतून जुन्या मऊ कापडाची घडी घाला. हे करतील.

भाची : हे पुस्तकात नाही.

मावशी : पुस्तकात घाल मग. आणि पुरुषांनाही सांग. धोतरं गेली, पण करगोटा आहे, पट्टा आहे.

भाची : पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रात आशांची सभा असेल ना? मी येते. अर्धा तास दे. फोटो दाखवते, कुठली जखम पाठवायची, कुठली नाही.

मावशी : पुढच्या महिन्यात लावणी. निम्म्या आशा स्वतःच्या खाचरात असतात. गणपतीनंतर ये. आणि फोटो गोऱ्या लोकांचे आणू नकोस. आमच्या रंगाच्या कातडीवर ते कसं दिसतं ते दाखव.

भाची : पुस्तकांत बहुतेक फोटो गोऱ्यांचेच असतात. शोधावे लागतील.

मावशी : शोध. तोवर मी सगळ्या आशांना सांगून ठेवते, कंबर बघितली की जखम किती दिवसांची ते विचारून डायरीत लिहा. फॉर्ममध्ये जागा असो नसो. आणि तू भिवंडीच्या डॉक्टरांशी बोलून घे, आमची चिठ्ठी घेऊन बाई गेली तर तिला नुसतं मलम देऊन परत पाठवू नका म्हणून. ते जमत नसेल तर आत्ताच सांग, मी डायरी सुरू करत नाही.

भाची : बोलते. सोमवारी बोलते.

मावशी : कुणाशी, ते नाव मला कळव. चिठ्ठीवर लिहायला लागेल.